पळसाच्या पानांचा माणूस

मच्छिंद्रने काठी खांद्यामागे नेली, ओठ दाताखाली धरला आणि सगळ्या अंगाचा जोर लावून ती खाली आणली. चेंडू जागचा हलला नाही. शेजारचा मुरूम तेवढा उडाला आणि लिंबाखाली खुर्चीत वाचत बसलेल्या रामरावांच्या पुस्तकावर येऊन पडला.

"साहेब, बॉल हितंच है," बांधावर बसलेला राखणदार कचरू म्हणाला. "पर आळं झकास खांदलं तुम्ही. एखादा आंबा लावून टाकू."

"तू गप रे कचरू. रविवारी मालकासमोर असं झालं तर मलाच पुरतील त्या आळ्यात."

रामरावांनी पानावरचा मुरूम फुंकला. ते सहसा घराबाहेर पडत नसत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तर बाजारातसुद्धा ते गर्दी ओसरल्यावर जात. आज मच्छिंद्रनेच हट्ट धरला होता. चला आप्पा, झाडाखाली बसून वाचा, हवा चांगली है. पुतण्याचा हट्ट मोडणे त्यांना कधीच जमले नव्हते. त्याला त्यांनीच वाढवले होते.

बदनापूरच्या बाहेर, बियाणे कंपनीच्या चाचणीच्या शेतांपलीकडे हा खडकाळ तुकडा होता. कंपनीचे कुठलेच बी इथे रुजले नाही, तेव्हा मालकाने इथे गोल्फच्या सरावाची सोय केली. उभे राहायला चार चटया, अंतर सांगणाऱ्या पत्र्याच्या पाट्या, टोकाला जाळी, आणि पुण्याहून आणलेल्या जुन्या चेंडूंच्या टोपल्या. परदेशी पाहुणे आले की मालक त्यांना पुण्याच्या मैदानावर खेळायला नेई, आणि येत्या रविवारी तो कंपनीत साहेब असलेल्या मच्छिंद्रलाही बरोबर नेणार होता. शिकवायला एक माणूस ठेवला होता. कंपनीतले लोक त्याला तालमीतल्यासारखे वस्ताद म्हणत.

पत्र्याच्या खोलीतून तो वस्ताद आता बाहेर आला. पन्नाशीचा, दाढी पांढरी होत आलेली, डोक्यावर टोपी. मच्छिंद्रजवळ येऊन त्याने काही न बोलता काठीसाठी हात पुढे केला. पण काठी घेण्याआधी तो खाली वाकला. चिमूटभर माती उचलून त्याने दोन्ही तळहातांवर चोळली, हात नाकाजवळ नेले, आणि मग काठी धरली.

रामरावांच्या मांडीवरून पुस्तक घसरले.

आबा, म्हणजे त्यांचे वडील, औताला हात लावण्यापूर्वी असेच करीत. माती चोळायची, वास घ्यायचा, मग रुमण्याची मूठ धरायची. आबांच्या दोन मुलांपैकी एकाने ती सवय उचलली होती. रामरावांनी नव्हे. रामरावांनी औताला कधी हात लावलाच नव्हता.

चेंडू उडाला. मोठा आवाज झाला नाही, नुसता टक् असा कोरडा आवाज झाला, आणि चेंडू लांब जाळीपाशी पडला.

"मान खाली," वस्ताद मच्छिंद्रला सांगत होता. "चेंडू गेल्यावर बी मान खालीच."

रामरावांनी चष्मा काढून पुसला. माती तर कुणीही चोळेल, त्यांनी स्वतःला समजावले. कुणब्याच्या घरातली निम्मी माणसे तसे करत असतील. आपली नजरही आता भरवशाची नाही. असे म्हणत त्यांनी चष्मा पुन्हा लावला.

वस्तादाने घाम पुसायला टोपी काढली. त्याच्या डाव्या कानाची पाळी खालून दुभंगलेली होती.

ती कशी फाटली ते रामरावांना माहीत होते. काट्याच्या कुंपणातून बोरे काढताना कानातला डूल अडकला होता. रक्ताने भिजलेल्या त्या पोराला पाठुंगळी घेऊन ते स्वतः घरी धावले होते. त्या पोराचे नाव पुंजाराम. रामरावांचा धाकटा भाऊ. मच्छिंद्रचा बाप.

तो मेलेला होता.

म्हणजे तसे ठरले होते. मोठा दुष्काळ सरल्यानंतरच्या वर्षी पुंजाराम जालन्याच्या बाजाराला म्हणून केदारखेड्यातून निघाला आणि परत आला नाही. मच्छिंद्र तेव्हा रांगत होता. बारा वर्षे वाट पाहिली. मग गावातली जाणती माणसे रामरावांकडे आली, कारण गावात पोथ्या वाचणारे तेच होते. रामरावांनी वाचून दाखवले. बारा वर्षे ज्याचा पत्ता लागत नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करावा, डोक्याच्या जागी नारळ ठेवावा आणि त्याला अग्नी द्यावा. नाही तर जीव अडकून राहतो. नदीकाठी त्यांनी स्वतः बसून पाने बांधली. हात, पाय, छाती. मिसरूडही न फुटलेल्या मच्छिंद्रने अग्नी दिला. ओली पाने लवकर पेटेनात, धूर फार झाला. संध्याकाळी बायकांनी पुंजारामच्या बायकोच्या, सगुणाबाईच्या बांगड्या दगडावर फोडल्या. बांगड्या फुटल्यावर ती किंचाळली, आणि त्यानंतर कितीतरी महिने घरात तिचा आवाज ऐकू आला नाही.

आणि तो इथे उभा होता. मच्छिंद्रच्या खांद्यावर हात ठेवून, त्याची कोपरे सरळ करत.

रामराव उठले. कुठे जायचे ते न कळल्यामुळे कचरूजवळ जाऊन उभे राहिले.

"हे तुमचे वस्ताद कुठले?" त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला.

"कुणाला ठाऊक गुरुजी? इचारलं की म्हणतेत पुणं. पर परवा विंचू निघाला तवा त्यांच्या तोंडातून ज्या शिव्या निघाल्या ना, त्या पुण्याच्या न्हाईत बिलकुल. त्या आपल्या भोकरदनकडच्या." कचरू खुशीत हसला. "माणूस चांगला है. एकला राहतो, एकला रांधतो. सणावाराला बी कुठं जात न्हाई. म्या म्हणलं वस्ताद, बायको पळून गेली का तुमची? तर म्हणले, न्हाई रे, मीच पळालो. आता बोला."

पलीकडे मच्छिंद्र टोपली घेऊन चेंडू वेचायला निघाला होता. वस्तादाने मान वळवली आणि रामरावांकडे सरळ पाहिले.

"या गुरुजी," तो मोठ्याने म्हणाला. "तुम्ही बी एखादा मारून बघा."

"मला नाही जमायचं."

"पहिल्यांदा कुणालाच जमत न्हाई. या."

रामराव गेले. पाय आपोआप गेले असे म्हणावे लागेल. वस्तादाने काठी त्यांच्या हातात दिली, पाठीमागे उभे राहून दोन्ही बाजूंनी हात पुढे आणले आणि तो त्यांची बोटे एकेक करून काठीवर बसवू लागला. त्याच्या अंगाला बिडीचा वास येत होता.

"आंगठा हितं. हां. दुसरा हात त्याच्याखाली." आणि त्याच सुरात, फक्त आवाज खाली आणून, "दादा, मान वर करू नको. पोरगं बघून राह्यलं."

रामरावांचे गुडघे वाकले. काठी जमिनीला टेकलेली होती म्हणून ते उभे राहिले.

"पुंजा."

"गुडघे थोडे वाकव. इतके न्हाई, पडशील."

"तू जिवंत आहेस."

"चेंडूकडं बघ."

रामरावांनी चेंडूकडे पाहिले. लाकडी खुंटीवर ठेवलेला तो पांढरा चेंडू त्यांना दोन-दोन दिसत होता.

"कुठं होतास?"

"मुंबई. मंग पुणं. साहेबलोकांच्या काठ्यांच्या थैल्या वाहिल्या. थैल्या वाहता वाहता त्यांचं बघून शिकलो, मंग त्यांनाच शिकवाया लागलो. खांदा सैल सोड."

"एखादं पत्र तरी..."

"लिवणार होतो. पहिल्या वर्षी लिवलं न्हाई, म्हणून दुसऱ्या वर्षी लिवता येईना. मंग तर सवालच न्हाई."

"पण गेलास का?"

वस्तादाचे हात अजून रामरावांच्या हातांवर होते.

"आबांनी खळ्यावर कानाखाली मारली. सालगड्यासमोर."

"तेवढ्यासाठी?"

"जायला तेवढं पुरलं, दादा. यायला पुरंल असं काही सापडंना." तो थोडा बाजूला झाला, चेंडू उगाच खुंटीवर फिरवून पुन्हा ठेवला. "आल्तो मी एकदा. भोकरदनच्या स्टँडपर्यंत. तिथं आपला कडूबा भेटला, हजामतीची पेटी घेऊन बसलेला. मला वळखलं न्हाई. मीच इचारलं, केदारखेड्याचे पुंजाराम कसे हैत. म्हणला, त्याचा पुतळा जाळून साल झालं. पोराची हजामत म्याच केली, म्हणला. रडत बी न्हवतं पोरगं, म्हणला. तसाच माघारी फिरलो." त्याने आवाज मोठा केला. "काठी मागं न्या गुरुजी! हळू!"

रामरावांनी काठी मागे नेली. खांद्यात कळ आली.

"मच्छिंद्रला ठाऊक आहे?" ते पुटपुटले.

"न्हाई. पहिल्या दिवशी आला अन् तोंडावर नाव सांगितलं. मच्छिंद्र पुंजाराम. माझं नाव मलाच सांगून राह्यला. तवापासून शिकवतो त्याला." मग घाईघाईने, जवळजवळ विनवणीने, "सांगू नको दादा. तुझ्या पाया पडतो. सकाळचा हा एक तास मिळतो मला. सांगितलं की तो बी जाईल. मार आता."

रामरावांनी काठी खाली आणली. काही तरी लागल्यासारखे झाले. चेंडू घरंगळत निघाला आणि थोड्या अंतरावर एका तरवडाच्या झुडपाला टेकून थांबला.

"वा गुरुजी!" कचरू ओरडला. "साहेबापेक्षा बरं है की!"

मच्छिंद्र टोपली हातात धरून उभा होता. तो हसला नाही. तो चेंडूकडे पाहतही नव्हता.

रामराव पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. कुणीतरी पुस्तक उचलून खुर्चीत ठेवले होते, त्याच्यावरच ते बसले आणि त्यांना ते कळले नाही. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. त्या पोथीत पुतळ्याच्या विधीपुढे आणखी काही लिहिलेले होते. ज्याचा पुतळा जाळला तो माणूस परत आला तर काय करावे, तेही होते. त्याला तुपाने न्हाऊ घालावे, नुकत्याच जन्मलेल्या मुलासारखे त्याचे सगळे संस्कार पहिल्यापासून करावेत, आणि त्याच्या बायकोशी त्याचे पुन्हा लग्न लावावे. त्या वेळी हे वाचून त्यांना हसू आले होते. असे कधी होते का, असे म्हणून त्यांनी पान उलटले होते.

आता काय करायचे ते ठरवणे त्यांच्यावर होते. भावाला शब्द द्यायचा, की सगुणाबाईला सांगायचे? एक जिवंत माणूस आपण जाळला. एका बाईचे कपाळ आपण पुसले, पोथी मांडीवर घेऊन, चष्मा लावून. न सांगावे तर ती उरलेले आयुष्यही तशीच काढणार. सांगावे तर पुंजा पुन्हा निघून जाणार. आणि सांगायचे झाले तरी कोणत्या तोंडाने? शाळेत चाळीस पोरांसमोर उभे राहतानाही ज्यांचे पहिले वाक्य घशात अडकायचे, त्या रामरावांना हे वाक्य कुठून सुरू करावे तेही सुचेना.

"निघायचं का आप्पा?" मच्छिंद्र समोर उभा होता.

मोटारसायकलवर मागे बसताना त्यांनी वळून पाहिले. वस्ताद पाठमोरा होता, पाट्या सरळ करत होता.

रेल्वेचे फाटक बंद होते. मच्छिंद्रने गाडी बंद केली. पलीकडे बैलगाडीवाला बिडी पेटवत होता. रेल्वेचा अजून आवाजही नव्हता. रामरावांना वाटले, आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही.

"मच्छिंद्र, तो वस्ताद..."

"हं."

"त्याला... तू त्याला..."

मच्छिंद्रने मागे वळून पाहिले नाही. आरशात त्याचा नुसता गाल दिसत होता.

"वळखलं ना तुम्ही?" तो म्हणाला.

रामरावांनी गाडीच्या मागचा दांडा घट्ट धरला.

"आई म्हणली होती, एकदा आप्पाला घेऊन जा. त्यांचं त्यांना वळखू दे. आपण सांगितलं तर त्यांना धक्का बसंल, जेवणार न्हाईत."

"आई?" रामराव म्हणाले. "सगुणाबाईला ठाऊक आहे?"

"उन्हाळ्यापासून. मी पहिल्या दिवशी घरी येऊन हसत हसत सांगितलं. म्हणलं, आई, आमच्या वस्तादाला माझं नाव सांगितलं तर त्याच्या हातातली टोपली सांडली, समदे चेंडू रानभर. ती हसली न्हाई. माणूस दिसतो कसा, कान कसा है, समदं इचारलं. मंग आषाढात कंपनीच्या रानात खुरपायला बाया चालल्या होत्या, त्यांच्यासंगं गेली. तोंडावर पदर घेऊन. मी म्हणलं, साहेबाची आई खुरपायला जाती, लोक काय म्हणतील? तर म्हणली, माझ्या तोंडावर कुणाचं नाव लिवलेलं न्हाई." त्याने खालचा दगड बुटाने सरकवला. "दिवसभर तिथं खुरपत होती. त्यानं बायांना पाणी आणून दिलं. तिला बी दिलं. त्याला कळलं न्हाई."

गाडी आली. डबे धडधडत जाऊ लागले आणि बोलणे अशक्य झाले. रामराव डब्यांकडे पाहत होते पण त्यांना एकही डबा दिसत नव्हता. उन्हाळ्यापासून. म्हणजे कितीतरी दिवस ही दोघे त्यांच्यासमोर जेवली, बोलली, वीज गेली म्हणून कुरकुरली. संध्याकाळी ते मोठ्याने वाचत तेव्हा सगुणाबाई वाती वळत ऐकत बसे. आणि हे सगळे तिच्या पोटात होते. आपल्याला काहीच दिसले नाही.

"आणि तू?" गाडी गेल्यावर त्यांनी विचारले. "तू त्याला का नाही बोललास?"

"काय बोलू? त्याला वाटतं मला ठाऊक न्हाई. त्याला तसंच बरं वाटतं." मच्छिंद्रने गाडी चालू केली. "मला बी."

घरी सगुणाबाई ओट्यावर सूप घेऊन बसली होती. तुरीतले खडे वेचून ती बाजूच्या ताटलीत टाकत होती. मच्छिंद्र गाडी लावायला मागे गेला. रामराव ओट्याच्या पायरीशी थांबले. एक चप्पल त्यांनी काढली आणि दुसरी काढायची राहिली.

तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. जे पाहायचे ते तिला बहुधा त्यांच्या चेहऱ्यावर दिसले.

"पाणी देऊ का आप्पा?"

"नको." ते म्हणाले. मग एका दमात, धडा म्हणावा तसे, "सगुणाबाई, पोथीत विधी आहे. परत आलेल्या माणसाचा. मी तेव्हा वाचला होता. तुपाने न्हाऊ घालायचं, बारसं करायचं, पुन्हा लग्न लावायचं. गाव काही म्हणणार नाही. म्हणालं तर मी पोथी काढून दाखवतो. चूक माझी होती, आता मीच..."

"कुणाचं लगीन?" तिने विचारले.

रामरावांनी दुसरी चप्पल काढली.

तिने सूप मांडीवरून खाली ठेवले. आवाज चढला नाही.

"आप्पा, तुम्ही पुतळा जाळला तवा मी मनातून तुम्हाला लई बोल लावले. कधी तोंडानं म्हणले न्हाई. वाटायचं, पानं ओली होती, पेटंनात, म्हणजी त्यो जिता है. धा वर्सं वाटायचं. रातची कडी वाजली की उठायची मी." तिने बोटाला लागलेली तुरीची साल झटकली. "आषाढात त्या रानात मी त्याला बघून राह्यले. दिसभर. त्यानं पाणी दिलं, मी पिले. मंग मलाच कळलं, मला काहीच होईना. राग बी येईना. कुणी परका माणूस पाणी देतो तसं."

"पण सगुणाबाई, तो..."

"मी ज्याच्यासाठी रडले त्यो नदीवर जळला, आप्पा. तुम्ही चूक न्हाई केली. ह्यो पोराचा वस्ताद है. चांगला है. पोरगं त्याच्याकडून आलं की हसतं. त्याला हसू द्या."

मागच्या दारात मच्छिंद्र येऊन उभा राहिला होता. त्याने हे आधी ऐकले होते की नव्हते, ते रामरावांना कळले नाही. तो उंबऱ्याकडे पाहत होता.

सकाळपासून रामरावांना वाटत होते की एका माणसाचे मरण आपल्या हातून झाले आणि आता जगवणेही आपल्याच हातात आहे. त्यातले काहीच त्यांच्या हातात नव्हते. ते ओट्यावर बसले. हळूच, जणू पडण्याची भीती असल्यासारखे, भिंतीला पाठ टेकून.

सगुणाबाईने सूप पुन्हा मांडीवर घेतले. खडे पुन्हा ताटलीत पडू लागले.

"मच्छिंद्र," ती मान वर न करता म्हणाली, "उद्या येळंवर ऊठ. रविवार तोंडावर आला, अन् वस्ताद वाट बघत असंल."